मेटलचा आद्यध्वनी आणि पिकअपची निवड : अरणगावच्या संदर्भात काही विचार

अहमदनगर शहराच्या दक्षिणेस, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे नऊ किलोमीटर अंतरावर अरणगाव हे खेडे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील व पुढे ओस पडलेल्या लष्करी तळाच्या जागेवर मेहेरबाबा १९२३ साली येथे प्रथम आले आणि मेहेराबाद ह्या नावाने ते स्थान पुढे ज्ञात झाले. १० जुलै १९२५ पासून बाबांनी जे मौन धरले ते अखेरपर्यंत सोडले नाही. ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगावानजीकच्या मेहेराझाद येथे त्यांचे देहावसान झाले व ७ फेब्रुवारीस अरणगावच्या टेकडीवर त्यांचा देह समाधीत ठेवण्यात आला. त्या प्रसंगी, त्यांच्या पूर्वीच्या इच्छेनुसार, कोल पोर्टर ह्या अमेरिकन संगीतकाराच्या १९३५ मधील ‘बिगिन द बेगीन’ ह्या गीताचे ध्वनिमुद्रण वाजविण्यात आले. मौनव्रती पुरुषाच्या समाधीपाशी एक पाश्चात्त्य नृत्यगीत वाजावे, ही घटना जिल्ह्याच्या इतिहासात एकाकी वाटते. तशी ती नाही. बरोबर एका वर्षाने हेच गीत लंडनमध्ये एका गिटारवादकाने बाबांच्या स्मरणार्थ ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले. तो वादक म्हणजे ‘द हू’ ह्या वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड होय.

टाउनशेंड १९६७-६८ च्या सुमारास मेहेरबाबांच्या शिकवणुकीकडे वळला. बाबांची व त्याची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. १९७२ च्या आरंभी तो अरणगावी आला तो समाधीच्या दर्शनासाठी. १९६९ चे ‘टॉमी’, १९७१ चे ‘बाबा ओ’रायली’ हे गीत, आणि बाबांच्या १९५३ मधील ‘परवरदिगार’ प्रार्थनेवर आधारलेली १९७२ च्या ‘हू केम फर्स्ट’ ह्या संग्रहातील रचना ह्यांचा उल्लेख अरणगावच्या संदर्भात नेहमी होतो. परंतु गीतांची नावे मोजून संबंध सिद्ध करण्याची ही रीत इतिहासाच्या अभ्यासकाला फार दूर नेत नाही. टाउनशेंड हा केवळ गीतकार नव्हता. ज्या प्रचंड, दाट व किंचित फाटलेल्या विद्युत्-ध्वनीला पुढे ‘हेवी मेटल’ ही संज्ञा मिळाली, त्याच्या जडणघडणीत त्याच्या वाद्याचा मोठा वाटा आहे. तेव्हा विचारण्याजोगा प्रश्न असा, की हा ध्वनी कोणत्या साधनातून निघाला आणि ते साधन कोणत्या कारणाने निवडले गेले? आज एखादा तरुण मेटल वाजविण्यासाठी स्वतःच्या मापाची गिटार बनवून घेतो तेव्हा त्याला पहिला सल्ला पिकअपविषयी मिळतो, आणि त्या सल्ल्यामागे एक इतिहास गृहीत धरलेला असतो. तो इतिहास तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पिकअप हा शब्द आपल्याकडे प्रथम ग्रामोफोनच्या संदर्भात रूढ झाला. गिटारचे पिकअप मात्र तबकडीवर टेकत नाही. ते तारांखाली बसविलेले असते. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर ताणलेली पोलादी तार कंप पावू लागली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो व वेटोळ्यात अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तोच ध्वनिवर्धकाकडे जातो. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत जॉर्ज बोशां ह्याने हे तत्त्व व्यवहारात आणले. त्यात एक मूलभूत दोष होता. वेटोळ्याला तारेचा कंप आणि आसपासच्या विजेच्या तारांतून येणारे क्षेत्र ह्यांतला भेद कळत नाही. परिणामी वादन थांबले तरी ध्वनिवर्धकातून एक अखंड घुमघुम येत राहते. तिलाच वादक ‘हम’ म्हणतात. अमेरिकेत वीजप्रवाहाची आवर्तने सेकंदास ६० असतात, इंग्लंडात व आपल्याकडे ५०; म्हणजे लीड्सची घुमघुम आणि नगरची घुमघुम एकाच स्वराची, मात्र गिटारी जेथे घडत त्या कलामझूची निराळी. हा योगायोग नोंदण्यापुरताच.

गिब्सन कंपनीने १९४६ मध्ये ‘पी-९०’ हे पिकअप प्रचारात आणले. एकच रुंद वेटोळे, सुमारे दहा हजार वेढे, खाली दोन पट्टीचुंबक अशी त्याची रचना. आवाज भरघोस, मध्यसप्तकात ठसठशीत, आणि ‘हम’ पुरेपूर. हा दोष काढण्यासाठी त्याच कंपनीतील सेथ लव्हर ह्या अभियंत्याने दोन वेटोळ्यांची योजना केली. दोन्ही वेटोळ्यांतील चुंबकध्रुव परस्परविरुद्ध व जोडणीही विरुद्ध. बाहेरून आलेली घुमघुम दोहोंत उलट-सुलट होऊन नाहीशी होते. तारेचा संकेत मात्र द्विगुणित होतो. जून १९५५ मध्ये त्याने एकस्वासाठी अर्ज केला व जुलै १९५९ मध्ये ते मंजूर झाले. हे ‘हंबकर’. तारेचा कंप दोन जागी टिपला जात असल्याने काही उच्च उपस्वर परस्परांना छेदतात आणि ध्वनी जरा गोल, जाड होतो. हा लव्हरचा हेतू नव्हता. त्याला केवळ घुमघुम नको होती.

आता प्रचलित मत पाहू. मेटलचा ध्वनी जाड, म्हणून तो हंबकरचा; हंबकर नसता तर मेटल निर्माण झाले नसते, असे विधान वादकांच्या संभाषणात आणि विक्रेत्यांच्या पत्रकांत सर्रास आढळते. त्याला आधार म्हणून आजच्या मेटलवादकांची वाद्ये दाखविली जातात, व ती बहुतांशी खरोखरच हंबकरची असतात. परंतु परिणामावरून मूळ ठरविण्याची ही पद्धत सदोष आहे. नदी समुद्राजवळ रुंद असते म्हणून ती उगमापाशीही रुंदच असली पाहिजे, असे कोणी म्हणत नाही.

ह्या मताची परीक्षा घेण्यास फेब्रुवारी १९७० हा महिना फार सोयीचा आहे. त्या महिन्याच्या १३ तारखेस, शुक्रवारी, बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका इंग्लंडात प्रसिद्ध झाली. मेटलचा आरंभ ह्या ध्वनिमुद्रिकेपासून धरण्यात बहुतेकांचे एकमत आहे. दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेस, लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात ‘द हू’चा कार्यक्रम झाला, आणि त्याचे ध्वनिमुद्रण ‘लाइव्ह ॲट लीड्स’ ह्या नावाने त्याच वर्षी बाहेर आले. एका दिवसाच्या अंतराने उपलब्ध झालेल्या ह्या दोन पुराव्यांत वादकांच्या हातातील वाद्य एकाच जातीचे आहे : गिब्सनची ‘एसजी स्पेशल’. तिच्यावर हंबकर नव्हते. तिच्यावर दोन पी-९० होते.

हे वाद्य तेथे कसे आले? सॅबथचा टोनी आयोमी ह्याच्या बाबतीत उत्तर जवळजवळ विनोदी आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा त्याच्याजवळ फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर होती. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे एक गीत मुद्रित होते न होते तोच तिचे पिकअप बिघडले. जवळ पर्यायी म्हणून ठेवलेली एसजी त्याने उचलली आणि उर्वरित काम तिच्यावर केले. ज्या ध्वनीचे पुढे अर्धशतक अनुकरण झाले त्याच्या पिकअपची ‘निवड’ अशी झाली!

आयोमीचे उदाहरण आणखी एका कारणाने बोधप्रद आहे. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात हाच. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली व त्यांवर कातडे चढविले. तारांचा ताण सोसवेना म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’च्या वेळी तारा दीड स्वर खाली उतरविल्या. आज मेटलचे लक्षण म्हणून जो खर्जातील ढिला, जड सूर सांगितला जातो त्याच्या मुळाशी एका कामगाराच्या हाताची दुखापत आहे. (धातूंच्या संदर्भात नगरलाही स्वतःचे एक पान आहे. विजापुरास असलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, आणि तिच्या मिश्रधातूवर टिचकी मारली असता घंटेसारखा नाद येतो असे सांगतात. परंतु ‘हेवी मेटल’च्या इतिहासात तिला बसविण्याचा मोह आवरलेला बरा.)

टाउनशेंडकडे एसजी स्पेशल आली ती वेगळ्या वाटेने. रंगमंचावर गिटारी फोडण्याचा त्याचा प्रघात प्रसिद्ध आहे. अशा वादकाला लागते ते सहज मिळणारे, हलके, साधे वाद्य. आणि एसजी स्पेशल ही गिब्सनच्या स्वस्त वर्गातली होती. १९६८ पासून सुमारे तीन वर्षे तो तीच वाजवीत राहिला. लीड्सच्या ध्वनिमुद्रणात त्याच्यामागे हायवॉट कंपनीचे शंभर वॅटचे ध्वनिवर्धक होते. त्याआधी १९६५ मध्ये त्याच्याच आग्रहावरून जिम मार्शल ह्याने शंभर वॅटचे ध्वनिवर्धक व त्यासाठी एकावर एक रचलेल्या ध्वनिपेट्या तयार केल्या होत्या. पुढच्या सगळ्या मेटल-रंगमंचांची पार्श्वभिंत तीच. लीड्सच्या ध्वनिमुद्रिकेवर आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मुद्रणात काही करकर उमटली होती. ती दोष नसून दुरुस्त करू नये, अशी सूचनाच चकतीवर छापली गेली. गोंगाट काढून टाकणे हे त्या क्षणी कोणाचेही उद्दिष्ट नव्हते.

म्हणजे आद्य मेटलध्वनीचे श्रेय वाटून द्यावयाचे झाले तर पहिला वाटा ध्वनिवर्धकाचा आहे. शंभर वॅटचा निर्वातनलिकांचा ध्वनिवर्धक पूर्ण चढविला असता त्याचा अखेरचा टप्पा संपृक्त होतो, स्वरतरंगाचे माथे कापले जातात आणि नवे उपस्वर निर्माण होतात. आयोमी ह्यात भर म्हणून गिटार व लेनी ध्वनिवर्धक ह्यांच्यामध्ये ‘रेंजमास्टर’ नावाची एक लहान पेटी जोडीत असे. ती वरच्या सप्तकाचा संकेत उचलून धरी. दुसरा वाटा तारांचा व हाताचा. पिकअपचा क्रम त्यानंतर. ते पुरेसे जोरकस असावे लागे, आणि पी-९० तसे होते, इतकेच. प्रस्तुत लेखकाच्या मते एवढे विधान पुराव्याला धरून आहे व ह्यापुढे जाण्याचे कारण नाही.

येथे अरणगावचा संबंध पुन्हा पाहणे आवश्यक आहे, कारण एक सोपे स्पष्टीकरण हाताशी येते आणि ते फसवे आहे. त्याच फेब्रुवारी १९७० मध्ये, २५ तारखेच्या बाबांच्या जन्मदिनानिमित्त, टाउनशेंड व त्याच्या सहभक्तांनी ‘हॅपी बर्थडे’ नावाची एक खाजगी ध्वनिमुद्रिका काढली. आरंभी उल्लेखिलेले ‘बिगिन द बेगीन’ तीतच आहे, आणि १० जुलैच्या मौनदिनावरचे एक गीतही. तिचा ध्वनी घरगुती व सौम्य आहे. एकाच माणसाने एकाच पंधरवड्यात लीड्सचा गडगडाट आणि हे मंद गायन दोन्ही केले. ह्यावरून असे म्हणावेसे वाटते, की भक्तीसाठी त्याने एक ध्वनी राखून ठेवला व लौकिकासाठी दुसरा. किंवा मौनव्रती गुरूची प्रतिक्रिया म्हणून शिष्याचा ध्वनी इतका प्रचंड झाला. दुसऱ्या कल्पनेला काळाचा आधारच नाही, कारण शंभर वॅटचे ध्वनिवर्धक १९६५ चे आणि बाबांचा परिचय त्यानंतरचा. पहिली कल्पना अधिक मोहक आहे; परंतु १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ ह्या ध्वनिमुद्रिकेतील ‘बार्गेन’ ह्या गीताने ती खोटी ठरते. हे गीत बाबांना उद्देशून असल्याचे टाउनशेंडने स्वतः सांगितले आहे, आणि ते त्याच्या सर्वांत जोरकस ध्वनिमुद्रणांपैकी एक आहे. शिवाय त्यातील गिटार एसजी नव्हे, तर जो वॉल्श ह्या अमेरिकन वादकाने भेट दिलेली ग्रेच होती. तिच्यावर रे बट्सने, साधारणतः लव्हरच्याच काळात पण स्वतंत्रपणे, सिद्ध केलेली दोन वेटोळ्यांची ‘फिल्टरट्रॉन’ पिकअप होती. भक्तिगीत असून ध्वनी मोठा, आणि ध्वनी मोठा असून पिकअप घुमघुम टाळणारे! भक्ती म्हणजे मंद स्वर हे समीकरण मुळात पाश्चात्त्य असावे. ज्या जिल्ह्यात नेवासे आहे तेथून निघणाऱ्या दिंडीतील टाळ-पखवाज ज्याने ऐकला आहे त्याला ते पटणार नाही.

तर मग हंबकर मेटलचे जवळजवळ एकमेव पिकअप केव्हा व का झाले? ह्याचे उत्तर ध्वनिवर्धकांच्या रचनेतील बदलात आहे. आधीच्या पद्धतीत संपृक्तता अखेरच्या टप्प्यात होई व त्यासाठी आवाज कानठळ्या बसविणारा ठेवावा लागे. १९७० नंतर पूर्ववर्धनाचे टप्पे वाढविण्यात आले आणि एकूण आवाज निराळ्या खुंटीने कमी करण्याची सोय झाली. मार्शलचा १९७५ चा ‘२२०३’ हा ध्वनिवर्धक ह्या प्रकारचा. आता लहान खोलीतही ध्वनी फाडता येऊ लागला. पण वर्धनाला विवेक नसतो. संकेत जितका वाढे तितकीच घुमघुमही वाढे. पी-९० ची जी घुमघुम लीड्समध्ये वादनाखाली दडून गेली असती ती ह्या नव्या यंत्रात दोन आघातांमधल्या निःशब्द जागेत उघडी पडू लागली. आणि मेटलची लय तर अशाच तुटक आघातांवर व मधल्या विरामांवर उभी आहे. मेटलने हंबकर स्वीकारला तो मुख्यतः विराम स्वच्छ राहावा म्हणून. जाडपणा हा त्याबरोबर आलेला लाभ.

ह्या बदलाबरोबर बाजार आला. लॅरी डिमार्झिओ ह्याने १९७२ च्या सुमारास ‘सुपर डिस्टॉर्शन’ हे पिकअप तयार केले. सिरॅमिक चुंबक, अधिक वेढे, रोध तेरा किलोओहमच्या वर. लव्हरच्या मूळ पिकअपचा सात ते नऊच्या आसपास असे. तयार गिटारमधले पिकअप काढून दुसरे बसविण्याचा धंदा येथून वाढला व पिकअपची निवड हा शब्दप्रयोग खऱ्या अर्थाने ह्या काळातला आहे. ज्या वादकांनी मूळ ध्वनी घडविला ते त्यापूर्वीचे. टाउनशेंडलाही पुढे बदल करावा लागला, कारण गिब्सनने १९७१ मध्ये एसजी स्पेशलची घडण बदलली व जुनी वाद्ये दुर्मिळ झाली. तो ‘लेस पॉल डिलक्स’कडे वळला. तिच्यावर लहान आकाराचे दोन हंबकर असत. दशकाच्या उत्तरार्धात त्याने त्यांच्या मधोमध डिमार्झिओचे एक मोठे हंबकर कोरून बसविले. आयोमीनेही जॉन बर्च ह्या बर्मिंगहॅमच्या कारागिराकडून पिकअप करवून घेतली आणि पुढे संपूर्ण वाद्यही. १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील ईएमजी कंपनीने पिकअपमध्येच पूर्ववर्धक घालून त्याला नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. मेटालिकाच्या जेम्स हेटफील्डमुळे ह्या जातीचा फार प्रसार झाला.

आपल्या वाद्यपरंपरेत ह्या प्रश्नाला जवळची अशी एकच गोष्ट आहे : जवारी. मिरजेस एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांपासून सतार-तंबोऱ्यांचे काम सुरू झाले. शिकलगार म्हणजे मुळात शस्त्रांना धार लावणारे कारागीर. तेथे भोपळा, लाकूड, दांडी, तारा हे सारे ठरल्यावर सर्वांत शेवटी घोडी घासून जवारी काढली जाते, आणि ती खुली हवी की बंद हे वादकाच्या हातावरून व सुरावरून ठरते. जवारीची झणझण तारेतूनच येते व पिकअपची घुमघुम बाहेरून, हा भेद विसरता कामा नये. तथापि कामाचा क्रम विचार करण्याजोगा आहे. मिरजेचा कारागीर जवारी आधी ठरवून तीवर तंबोरा बेतीत नाही.

महाराष्ट्रात मेटलचे वादन मुख्यतः मुंबई-पुण्यात वाढले. मुंबईत १९८६ पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ ह्या महोत्सवाने त्याला श्रोते मिळवून दिले, आणि ‘डेमोनिक रिझरेक्शन’ (२०००) व ‘भयानक मौत’ (२००३) ह्यांसारखे वाद्यवृंद पुढे उभे राहिले. नगर जिल्ह्यातील तरुणाला वाद्य करवून घ्यावयाचे असेल तर त्याच्यापुढील परिस्थिती लीड्सपेक्षा फार वेगळी आहे. त्याचा ध्वनिवर्धक बहुधा लहान, वर्धन पुष्कळ, आणि वादनाची जागा म्हणजे महाविद्यालयाचे सभागृह किंवा मांडव. तेथे अर्थिंगचा भरवसा नाही, जनरेटर शेजारीच चालू, व दिवे मंद करणारी यंत्रे त्याच तारेवर. एकेरी वेटोळ्याला ही परिस्थिती सोसत नाही. अशा वेळी हंबकर घ्यावा हे योग्यच. परंतु तो येथील विजेच्या कारणाने घ्यावा, मेटलच्या वंशावळीच्या कारणाने नव्हे. रोधाचा आकडा जितका मोठा तितके पिकअप भारी, हा समजही सोडून द्यावा. वेढे फार वाढविले की वरचे उपस्वर बोथट होतात आणि खाली उतरविलेल्या तारांचे स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. खर्जाच्या सुराला मध्यम वेढ्यांचे, घोडीजवळ बसविलेले पिकअप अधिक स्पष्ट बोलते.

कारागिराकडे मागणी नोंदविताना म्हणून तारांची जाडी, त्या कोणत्या स्वरात लावावयाच्या, घोडीपासून मानेच्या टोकापर्यंतची लांबी आणि ध्वनिवर्धक कोणता हे प्रथम सांगावे. लाकडातील खाच हंबकरच्या मापाची कोरून घ्यावी. पी-९० जातीची पिकअप त्या मापातही आता तयार होतात, त्यामुळे पुढे एसजी स्पेशलचा तो जुना आवाज ऐकून पाहण्याची इच्छा झाली तर चार स्क्रू व दोन डाख एवढेच काम उरते.